सैतान शिकवताना

ती कादंबरी अभ्यासक्रमात लागली तेव्हा मला ती शिकवायची नव्हती. जळगावच्या ज्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते, तिथे तृतीय वर्षाला स्पेशल इंग्रजी घेणारी मुलं दरवर्षी दहा-बारा. बोदवड, मुक्ताईनगर, यावल अशा तालुक्यांतून आलेली, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची. त्यांना विलायतेतल्या प्रेमकथा कळायच्या, खून कळायचे, गरिबी तर समजावून सांगावीच लागायची नाही. ही कादंबरी मात्र मोह आणि माणसाचा दुबळेपणा यांवरची, एका ख्रिस्ती लेखकानं उपहासानं लिहिलेली. ज्याचा उपहास करायचा ते आधी ओळखीचं असावं लागतं. इथे मलाच ते ओळखीचं नव्हतं. मी धुळ्याची, आमच्या घरात पाप म्हणजे पानात अन्न टाकणं आणि संध्याकाळी केर काढणं.

गोष्ट अशी होती. सैतानाच्या कचेरीतला एक कारकून बदली होऊन एका लहान गावात येतो आणि शिंप्याच्या माडीवर खोली घेऊन राहतो. फार सभ्य माणूस. कुणाला काही करायला लावत नाही. कुणाच्या मनात काही वाईट आलं की त्याला फक्त एक चांगलं कारण पुरवतो. बाईला आईला पत्र लिहायचा कंटाळा आला, तर तो म्हणतो, आज नको, घाईत लिहिलेलं पत्र आईला लागतं. एवढंच त्याचं काम. पण वर्ष संपताना गावात एकही माणूस दुसऱ्याशी नीट बोलत नसतो.

मी सगळा दसऱ्याआधीचा काळ त्या पुस्तकाशी झगडत होते. त्याचं गाईड निघालं नव्हतं, त्यामुळे मुलंही माझ्यावरच अवलंबून. पहिल्या तासाला मी फळ्यावर मराठीत ‘मोह’ असा शब्द लिहिला आणि म्हटलं, या पुस्तकाचा विषय हा. तर खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी हसली. ही मुलगी दोन वर्षं माझ्या वर्गात होती आणि मी तिचा आवाज हजेरीपलीकडे ऐकला नव्हता.

“काय झालं?” मी विचारलं.

ती उभी राहिली. “काही नाही मॅडम. आमच्याकडे मोह वेचतात.”

वर्ग हसला. मीही हसले. ती यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरची. तिच्याकडे मोह म्हणजे झाड. पहाटे उठून त्याची गळलेली फुलं वेचायची, वाळवायची, विकायची. तिनं ते सांगितलं तेव्हा इतकी संकोचली होती की मी तिला बसायला सांगितलं. पण त्या दिवसापासून वर्ग मोकळा झाला हे खरं. बोदवडकडचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हा सैतान आमच्या गावात आहे. कुणाबद्दल वाईट बोलत नाही अन् सगळ्यांची भांडणं लावतो.” मग प्रत्येकाला आपापल्या गावातला एकेक आठवला. मी बावीस वर्षं शिकवत होते, पण मुलं तास संपल्यावरही बाकावर बसून राहिली असं त्या वर्षी पहिल्यांदा घडलं. मला ते फार आवडलं. आज वाटतं, जरा जास्तच आवडलं.

दिवाळीच्या आधी मी ट्युटोरियल लिहायला दिलं. विषय सोपा होता, मोह कधी येतो. बाकीच्यांनी माझ्याच वाक्यांची उलटसुलट मांडणी केली होती. त्या मुलीनं तोडक्या इंग्रजीत एक पान लिहिलं होतं. मोह प्रार्थनेच्या वेळी येतो, असं तिचं म्हणणं. आई सांगते, डोळे मिटले की पहिला देव येत नाही, चुलीवरची भाकर येते. करपली तर नाही ना, हे बघायला एक डोळा आपोआप उघडतो. मग दुसऱ्या बाईचाही एक डोळा उघडा दिसतो, आणि दोघी हसू दाबतात.

ते वाचून मी चकित झाले. व्याकरणाच्या चुका होत्या, पण एवढं जिवंत त्या कादंबरीबद्दल मीही बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ ती बाटली भरताना दिसली. मी थांबले.

“तुझी आई प्रार्थनेला जाते?”

तिनं आधी मागे पाहिलं. “हो मॅडम. रविवारी. शेजारच्या पाड्यावर एका घरात असते.”

हळूहळू तिनं सांगितलं. धाकटा भाऊ तापानं गेला, तेव्हापासून आईला झोप नव्हती. रात्ररात्र ओट्यावर बसायची. कुणीतरी तिला त्या प्रार्थनेला घेऊन गेलं. तिथून आली त्या दिवशी ती संध्याकाळपासून सकाळपर्यंत झोपली. वडिलांनी त्यामुळे तिला अडवलं नाही. ते स्वतः गावदेवाचं करणारे. भावबंदांत बोलणं व्हायचं, तेही त्यांनी सोसलं. पण एक अट घातली. तू जा, पोरीला नेऊ नकोस.

“आणि तू?”

“मी जाते,” ती म्हणाली. “सुट्टीत घरी असले की. बाबा त्या दिवशी बाजाराला असतात. मॅडम, एक विनंती. वर्गात नका सांगू. बाबांना मी स्वतः सांगणार आहे, परीक्षा झाली की.”

“वेडी आहेस का? मी कशाला सांगेन?”

हे मी म्हटलं होतं. मला माझे शब्द नेमके आठवतात.

त्याच महिन्यात कॉलेजची तपासणी होती. बाहेरगावाहून तीन जणांची समिती आलेली. भिंतींना नवा रंग, मुलांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे, दारात रांगोळी. माझा तास समिती बघणार असं आदल्या दिवशी प्राचार्यांनी सांगितलं. त्या वर्षी माझी बढतीची फाइलही त्यांच्या टेबलावर होती. दोन्ही गोष्टींचा संबंध नव्हता असं म्हणायला मी आजही तयार आहे, पण मनात त्या शेजारी शेजारीच ठेवलेल्या होत्या.

तास चांगला चालला. मी त्या कारकुनाचा प्रसंग वाचून दाखवला, मुलांनी उत्तरं दिली. मग मागच्या बाकावर बसलेल्या समितीतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. थोडं हसून ते म्हणाले, “पुस्तक उत्तम आहे. पण या धर्माशी काही संबंध नसलेल्या खेड्यातल्या मुलांना ते वाचून काय मिळतं? की नुसतं परीक्षेपुरतं?”

प्रश्न साधा होता. मला बोदवडच्या मुलाचं सांगता आलं असतं. गावोगावच्या सैतानांची ती सगळी चर्चा सांगता आली असती. पण त्यांच्या हसण्यात मला कमीपणा वाटला. दारात प्राचार्य उभे होते. आणि माझ्याजवळ त्याहून चांगलं उत्तर होतं, तिसऱ्या बाकावर बसलेलं.

“संबंध नसलेली कशी?” मी म्हणाले. “आमच्या या वर्गात अशी एक मुलगी आहे की जिच्या घरी हे रोजचं जगणं आहे. सातपुड्याच्या पाड्यावरची. तिनं जे लिहिलंय ते मी कुठल्याच टीकाग्रंथात वाचलं नाही.” आणि मी तिचं नाव घेतलं. “ऊठ बेटा. आईच्या प्रार्थनेचं सांग.”

ती उठायला वेळ लागला. मला वाटलं लाजते आहे. माझ्या मनानं मला दिलेलं कारण किती चांगलं होतं. हिचा आत्मविश्वास वाढेल, हिला अभिमान वाटायला हवा, लपवण्यासारखं काय आहे त्यात. ती उभी राहिली, बाकाच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं आणि इंग्रजीत तीन-चार वाक्यं बोलली. भाकरीचं सांगितलं. उघड्या डोळ्याचं सांगितलं. समितीतले तिघंही मनापासून हसले आणि टाळ्या वाजवल्या. मग वर्गानं वाजवल्या. ती बसली आणि तास संपेपर्यंत वर पाहिलं नाही.

संध्याकाळी प्राचार्यांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, “काल किती छान बोललीस.” ती म्हणाली, “हो मॅडम.” मी म्हणाले, “राग आला का गं?” तर म्हणाली, “नाही मॅडम.” मला तेवढं पुरलं.

होस्टेलमध्ये काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. कुणी तिला त्रास दिला नाही. मुली फक्त विचारायच्या. उपास करते का, गणपतीचा प्रसाद चालतो का, नाव बदलणार का. एकीनं सहज विचारलं, मग दुसरीनं. तिच्या पाड्याशेजारच्या गावातली एक मुलगी होती. ती दिवाळीला घरी गेली आणि तिनंही सहजच सांगितलं, आपली ती कॉलेजात भर वर्गात उभी राहून आईच्या प्रार्थनेचं इंग्रजीत बोलली, मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्या बिचारीला त्यात वाईट काही वाटलं नव्हतं. ऐकणाऱ्यांनी पोरगीही आईबरोबर प्रार्थनेला जाते असा अर्थ काढला आणि ते वडिलांपर्यंत पोचवलं.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं त्या आठवड्यात शिपाई मला बोलवायला आला. प्राचार्यांच्या कॅबिनमध्ये ती उभी होती आणि तिच्या शेजारी तिचे वडील. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, पायातल्या चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

“मी भांडाले नही उनू, साहेब,” ते हात जोडून म्हणाले. “माले एकच विचारनं शे. पोरगीनी वर्गमा सांगं, आसं लोके म्हनतस. खरं शे का?”

मी भांडायला आलो नाही, एवढंच विचारायचं आहे, पोरीनं वर्गात सांगितलं हे खरं का. प्राचार्य अस्वस्थ होते. सकाळीच त्यांना कुणाचा तरी फोन आला होता, अशी पुस्तकं का शिकवता म्हणून. त्यांनी मला येताना दारातच हळू आवाजात सांगितलं होतं, मॅडम, जपून. आता ते माझ्याकडे वळले.

“मॅडम, तुम्ही तिला विचारलं होतं का तसं काही?”

मी हो म्हणायला हवं होतं. एक अक्षर होतं. त्याच्यापुढे फार तर चौकशी झाली असती, बढती वर्षभर लांबली असती, प्राचार्य रागावले असते. यातलं काहीही मला मोडणारं नव्हतं. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, “चर्चा चालली होती सर. तिनं आपणहून सांगितलं.”

कॅबिनमधला पंखा जोरात फिरत होता. प्राचार्यांनी तिला विचारलं, “असं आहे का बाळ?”

मग मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. रागानं नाही. एखादा शब्द नीट ऐकू आला नाही की आपण बोलणाऱ्याकडे जसं बघतो, तसं. मग तिनं मान खाली घातली.

“हो सर,” ती म्हणाली. “मीच सांगितलं.”

वडिलांनी पुन्हा हात जोडले. “झालं साहेब,” एवढंच म्हणाले. मलाही हात जोडले. बाहेर गेल्यावर ते तिला म्हणाले, “चाल.”

माझा पुढचा तास होता. वर्गाच्या खिडकीतून मैदान दिसतं. मी शिकवत असताना ते दोघं मैदान ओलांडून जाताना दिसले. वडिलांच्या खांद्यावर तिची पत्र्याची पेटी होती, पेटीवर वळकटी. ती मागून चालत होती, एका हातात प्लॅस्टिकची बादली, बादलीत चपला आणि पुस्तकं. मी वाक्य अर्धं ठेवून थांबले. मुलांनी मान वळवून बाहेर पाहिलं. मग मी वाक्य पूर्ण केलं.

ती परत आली नाही. परीक्षेचा फॉर्मही भरला नाही. होस्टेलच्या वहीतला फोन नंबर मी दोनदा लावला, बंद होता. तिसऱ्यांदा लावला नाही. जाऊन यावं असं दर महिन्याला वाटायचं. पण आधी पेपर तपासायचे होते, मग उन्हाळा कडक होता, मग वाटलं आपण गेल्यानं तिच्या घरी आणखी ताण होईल. प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं. नवीन वर्ष सुरू झालं, नवी मुलं आली, मी तीच कादंबरी पुन्हा शिकवली. मोहाचा शब्द फळ्यावर लिहिला नाही. माझी बढती झाली. पेढे वाटले.

अडीच वर्षांनी प्राचार्य निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांनी कारकिर्दीतल्या आठवणी सांगितल्या. त्यात म्हणाले, “तपासणी समितीसमोर आपल्या डोंगरभागातली एक मुलगी उभी राहिली आणि इंग्रजीत अशी बोलली, की समितीनं टाळ्या वाजवल्या. हे श्रेय आपल्या मॅडमचं.” सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. त्यांना मुलीचं पुढे काय झालं ते आठवत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, खरोखर विसरले होते. जेवणात वांग्याचं भरीत आणि पुऱ्या होत्या. मी ताट वाढून घेतलं आणि तसंच ठेवून घरी आले.

पुढच्या रविवारी मी निघाले. यावलपर्यंत बस, तिथून माणसांनी भरलेली जीप. केळीच्या बागा संपतात आणि रस्ता चढाला लागतो तिथे जीपनं मला उतरवलं. मुलीचं नाव सांगून विचारत विचारत घर सापडलं. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण, कडेला बांधलेल्या दोन शेळ्या. आई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मी कोण ते सांगितलं, तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि खाट झटकून दिली.

“बसा बाई. ती इथं नाही. शिरपूरला दिली तिला. बरी आहे. मुलगी झाली.”

मी वडिलांचं विचारलं.

“ते गेले,” ती म्हणाली. “पावसाळ्यात. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत राहिले नाहीत.”

तिनं पाणी आणून दिलं. मग ती आपणहूनच बोलत राहिली. तिचं मराठी अडखळत होतं, पण मला सगळं कळत होतं. नवरा वाईट नव्हता. कॉलेजातून पोरीला आणल्यावर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. फक्त तिच्याशी बोलायचं बंद केलं. पाणी हवं असलं तर बायकोला सांगायचा, पोर समोर उभी असली तरी. लग्नातही आशीर्वाद दिला तो डोक्यावर हात ठेवून, बोलून नाही.

“प्रार्थनेला जाते याचं त्याला इतकं नव्हतं,” ती म्हणाली. “ते त्याला आतून माहीत होतं, मला वाटतं. पण तो एकच म्हणत राहायचा, ‘बठ्ठासले सांगं, माले नही सांगं.’ सगळ्या जगाला सांगितलं, बापाला नाही. शेवटच्या दिवसापर्यंत हेच.”

तेव्हा मी तिला सांगितलं. सगळंच. पाण्याच्या टाकीजवळचं, समितीचं, कॅबिनमधलं. पोरीनं आपणहून सांगितलं नव्हतं, मी तिला उभं केलं होतं. तिनं बापालाच आधी सांगायचं ठरवलं होतं. मी खोटं बोलले आणि तिनं मला सांभाळून घेतलं. बोलताना मला रडू आलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरत होतं, आणि ते उतरताना मला हलकं वाटत होतं, हेही मला आठवतं.

ती ऐकत होती. माझं संपल्यावर ती उठली आणि ओट्याच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून बसली. शेळीनं दोरीला हिसके दिले तरी ती उठली नाही. मग तोंड न वळवता म्हणाली, “बाई, चारला शेवटची जीप आहे.”

चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी वर्गात जायला निघाले होते.

“मॅडम, मी बोलतेय.” आवाज तोच, पण आता त्यात घाई होती, कामातून वेळ काढून बोलणाऱ्या बाईची. “तुम्ही घरी गेला होता?”

“हो. मी फार आधी यायला हवं होतं. मला तुझी…”

“आईला का सांगितलंत?”

मी हातातलं हजेरीपुस्तक टेबलावर ठेवलं.

“आई आता म्हणते, त्यांना हे कळलं असतं तर ते बोलले असते तुझ्याशी. रात्रंदिवस तेच. पुन्हा झोपत नाही ती, मॅडम. शेजारीण सांगते, ओट्यावर बसून असते.”

“तू वडिलांना का नाही सांगितलंस?” मी कसंबसं विचारलं. “मी खोटं बोलले हे तू त्यांना सांगू शकली असतीस.”

“त्यांना खरं वाटलं नसतं,” ती म्हणाली. “बाबांना वाटायचं शिकवणारी माणसं खोटं बोलत नाहीत. मी सांगितलं असतं तर त्यांनी मला आणखी एक खोटं बोलते म्हटलं असतं.”

पलीकडे लहान मूल रडत होतं. तिनं त्याला काहीतरी सांगितलं, शांत केलं.

“मला माफ कर,” मी म्हणाले.

“त्याचं मला आत्ता काही सांगता येत नाही मॅडम. एक करा. आईला फोन करत जा. शेजारणीचा नंबर देते. काही कबूल करू नका, रडू नका. नुसतं विचारा, कशी आहेस. शेळ्यांचं विचारा.”

तिनं नंबर सांगितला, मी हातावर लिहून घेतला. फोन ठेवला तेव्हा तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.

मी फोन करायला लागले. रविवारी, प्रार्थना संपायच्या सुमाराला. पहिल्या वेळी शेजारणीनं फोन तिच्या हातात दिला आणि ती काहीच बोलली नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मी एकटीच बोलले, पाऊस झाला का, तूर किती झाली. दुसऱ्या वेळी म्हणाली, “हो बाई.” महिन्याभरानं म्हणाली की एक शेळी व्याली. मी विचारलं झोप लागते का, तर म्हणाली, “कधी लागते.” तिनं मला पुन्हा ये म्हटलं नाही, मी त्या दिवसाचा विषय काढला नाही. एकदा होळीच्या आसपास शेजारणीनं सांगितलं, ती पोरीकडे गेली आहे, शिरपूरला, थोडे दिवस तिकडेच राहील. त्यानंतर तो नंबर लागेनासा झाला. मी अजूनही अधूनमधून लावते.

मागच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि ती कादंबरी निघून गेली. स्टाफरूममध्ये सगळ्यांना बरं वाटलं.

त्याच उन्हाळ्यात मी भावाकडे धुळ्याला गेले होते. परत येताना बसस्थानकावर ती दिसली. आधी तिनंच मला पाहिलं असावं, कारण मी वळले तेव्हा ती निघून जावं की नाही अशा विचारात उभी होती. जरा भरली होती अंगानं. कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी, हातात पुस्तकांची पिशवी. मुक्त विद्यापीठाची परीक्षा द्यायला आली होती, शेवटचं वर्ष.

“वा,” मी म्हणाले. “कुठला विषय?”

“मराठी.”

“इंग्रजी नाही घेतलं?”

“नाही मॅडम.”

तिनं कारण सांगितलं नाही. मी आईचं विचारलं. आई तिच्याचकडे असते, गुडघे दुखतात, झोपते आता, असं म्हणाली. छोटीनं माझ्याकडे बोट दाखवून आईला विचारलं, ही कोण. मी वाट बघत होते. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, “कॉलेजमधल्या आहेत.”

शिरपूरची गाडी लागली. गर्दी होती. मी पिशवी धरते म्हटलं, तिनं धरू दिली, वर चढली आणि खिडकीतून हात बाहेर काढून ती परत घेतली. “येते मॅडम,” म्हणाली. गाडी निघाली तेव्हा छोटी काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती. ती मात्र पुस्तकांची पिशवी वरच्या फळीवर नीट बसते आहे का ते बघत उभी होती.